सादळलेली फीत

श्रावणात डबा नीट न लागलेला पापड संध्याकाळपर्यंत मऊ पडतो. काडेपेटी ओढावी तर काडी पेटत नाही, गुल तेवढा खरवडून पेटीच्या कडेला चिकटतो. या अवस्थेला मराठीत एक नेमकं क्रियापद आहे: सादळणं. चुंबकीय फितींच्या दुखण्याचं वर्णन करायला याच्याइतका नेमका शब्द मला कुठल्याही तांत्रिक पुस्तकात सापडलेला नाही. लोकांना भीती असते ती फितीवरचा आवाज आपोआप पुसला जाईल याची. प्रत्यक्षात फिती सादळतात.

‘घरात वडिलांच्या कॅसेटी आहेत, स्पूल आहेत, अजून किती वर्षं टिकतील?’ या प्रश्नावर ‘१० ते ३० वर्षं’ असं ठोकळेबाज उत्तर बहुतेक ठिकाणी मिळतं. जॉन व्हॅन बोगार्ट यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथालयांसाठी आणि अभिलेखागारांसाठी फितींच्या साठवणीवर एक अहवाल लिहिला, तेव्हापासून हा आकडा फिरतो आहे. तो खोटा नाही, पण एकट्याने फारसा उपयोगाचाही नाही. १९५५ सालचं स्पूल, म्हणजे उघड्या चकरीवर गुंडाळलेली फीत, आज खणखणीत वाजतं आणि १९७८ सालचं, त्याच कपाटातलं, दोन फूटसुद्धा पुढे सरकत नाही, असं राजरोस घडतं. नुसत्या वयावर ठरत असतं तर जुनं आधी गेलं असतं. फरक पडतो तो फीत कशाची आहे आणि तिच्यावरचा गोंद कोणता आहे, यामुळे.

चुंबकत्व स्वतः फार चिवट असतं. डेन्मार्कच्या वाल्डेमार पोलसेन यांनी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात पोलादी तारेवर सम्राट फ्रान्झ जोसेफ यांचा आवाज मुद्रित केला होता. ती तार आजही आहे आणि तिच्यावरचा आवाज ऐकू येतो. १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत लुडविग्सहाफेनला थॉमस बीचम यांच्या संचालनाखाली लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंद फितीवर घेतला गेला, तोही टिकला आहे. लोहाच्या ऑक्साइडचे सुईसारखे कण एकदा एका दिशेला लागले, की घरातल्या तापमानाला ते सहजी हलत नाहीत. त्यांना हलवायला बाहेरचं जोरदार चुंबकीय क्षेत्र लागतं, आणि ते अंतराबरोबर झपाट्याने मावळतं. स्पीकरला टेकवून ठेवलेली कॅसेट धोक्यात आहे, वीतभर दूर ठेवलेली नाही. पोलादी कपाटालाही उगाच बदनाम करू नये, फितीला ते चालतं.

मग जातं काय? फितीचा छेद डोळ्यांसमोर आणा. साध्या स्पूलची फीत पाव इंच रुंद आणि जेमतेम ५० मायक्रॉन जाड असते, म्हणजे माणसाच्या केसाहून पातळ. तिच्यात मुख्य भर प्लॅस्टिकच्या पट्टीचा. त्यावर १० ते १५ मायक्रॉनचा तपकिरी थर, ज्यात लोहकण एका चिकट रसायनात कालवून बसवलेले असतात. आवाज कणांमध्ये आहे, पण कणांना पट्टीला धरून ठेवतो तो गोंद. चांगल्या स्टुडिओ फितींना मागच्या बाजूलाही कार्बनचा काळा थर असायचा, म्हणजे गुंडाळी नीट बसते आणि स्थितिक वीज साठत नाही. नंतर याच चांगल्या फितींनी सर्वांत जास्त दगा दिला.

आधी पट्टी ओळखावी. स्पूल खिडकीसमोर, उजेड आणि डोळा यांच्या मध्ये धरा आणि गुंडाळीच्या बाजूने पाहा. आरपार उजेड झिरपला, तर पट्टी अ‍ॅसिटेटची. काळीकुट्ट दिसली, तर बहुधा पॉलिएस्टरची. अ‍ॅसिटेट साधारण १९३५ पासून साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालत होतं, पॉलिएस्टर पन्नाशीच्या दशकात आलं आणि पुढे सगळीकडे तेच झालं. अ‍ॅसिटेट ताणलं की काडीसारखं तुटतं. हे ऐकायला वाईट वाटतं, पण तुटलेली टोकं जशीच्या तशी जुळतात, ४५ अंशांत कापून सांध्याच्या खास पट्टीने जोडली की एक अक्षरही हरवत नाही. पॉलिएस्टर तुटण्याआधी रबरासारखं लांबतं, आणि लांबलेल्या तुकड्यातला सूर परत कधीच जागेवर येत नाही. सांधायला साधा सेलोटेप मात्र वापरू नका. त्याचा डिंक वर्षभरात कडेने बाहेर येतो आणि शेजारच्या वेढ्यांना धरतो.

अ‍ॅसिटेटचा रोग वेगळा. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, की समजावं पट्टीचं विघटन सुरू झालं आहे. त्यातून सुटणारं आम्ल त्याच विघटनाला आणखी वेग देतं, आणि बंद कपाटात ती वाफ शेजारच्या निरोगी स्पूलांनाही लागते. आंबलेलं पीठ वेगळं काढतात, तशी ही स्पूलं आधी वेगळी काढावीत, हवेशीर आणि शक्य तितक्या थंड जागी ठेवावीत आणि पहिल्या रांगेत वाजवावीत. इथे उलटी दिशा नाही. आंबलेलं अ‍ॅसिटेट बरं करणारा उपाय कुणाकडेच नाही.

सादळण्याचा रोग पॉलिएस्टर पट्टीच्या फितींचा, आणि तोही बहुतेक सत्तरीच्या दशकाच्या मध्यानंतरच्या. त्या काळात गोंद म्हणून पॉलियुरेथेन वापरात आलं. हवेतलं पाणी त्याच्या साखळ्या तोडतं, तुटलेले आखूड तुकडे चिकट होतात, आणि फीत वाजवायला घेतली की हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, तपकिरी राळ साचते. फीत आधी किंचाळते, मग अडखळते, मग थांबते. थांबेपर्यंत यंत्र चालू ठेवलं, तर थर पट्टीवरून सोलून निघतो आणि त्यासोबत आवाजही. अँपेक्सच्या ४०६ आणि ४५६, आग्फाची पीईएम ४६८, स्कॉचची २२६ ही या यादीतली ठळक नावं. सगळी व्यावसायिक, महागडी, मागे काळा थर असलेली. म्हणून नामवंत स्टुडिओंची मूळ स्पूलं चिकटून बसतात आणि त्याच सालची घरगुती, स्वस्तातली फीत मुकाट्याने वाजते. कॅसेटींना हा रोग फारसा होत नाही, हे आपल्याकडच्या घरगुती संग्रहांचं मोठंच नशीब.

मागची बाजू काळी आणि खरखरीत दिसली, तर ती फीत थेट यंत्रावर चढवू नका. हाताने फूटभर फीत हळूच सोडून पाहा. वेढा सुटताना सेलोटेपसारखा चरचर आवाज झाला किंवा फीत खालच्या वेढ्याला धरून राहिली, तर निदान झालं. यावर उपाय आहे आणि तो सादळलेल्या चुरमुऱ्यांवरच्या उपायासारखाच आहे: मंद आच. अँपेक्सने या पद्धतीचं पेटंटही घेतलं होतं. तापमान ५४ अंश सेल्सिअसच्या आसपास, फार तर एखादा अंश इकडेतिकडे. पाव इंची फितीला किमान ८ तास, रुंद फितीला त्याहून बरेच जास्त, आणि मध्ये एकदा स्पूल उलटं करायचं. स्वयंपाकघरातलं ओव्हन यासाठी नाही, मायक्रोवेव्ह तर मुळीच नाही. प्रयोगशाळेतलं इनक्युबेटर किंवा फळं सुकवायचं, पंखा असलेलं यंत्र चालतं, पण त्याच्या बटणावरच्या आकड्यावर भरवसा न ठेवता आत वेगळा तापमापक ठेवून आधी तासभर रिकामं चालवून पाहावं. शेकून झालं की जितका वेळ तापवलं तितकाच वेळ निवू द्यावं. मग दोनतीनदा मागेपुढे गुंडाळावं, कारण उष्णतेने एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर थोडा उमटतो आणि गुंडाळल्याने तो उतरतो.

यानंतर हातात काही आठवडे असतात. चुरमुरे पुन्हा सादळतात तशी फीतही. म्हणून आवाज संगणकावर उतरवण्याची, म्हणजे रूपांतराची, सगळी तयारी, यंत्र, केबल, डिस्कवरची जागा, झाल्याखेरीज शेकायला घेऊ नये. आणि एक गोष्ट दहादा सांगावी अशी: अ‍ॅसिटेट कधीही शेकायचं नाही. उजेडाची परीक्षा आधी, आच नंतर. काही फिती किंचाळतात पण राळ सोडत नाहीत. त्यांच्यातलं वंगण संपलेलं असतं, त्यांना शेकून काही मिळत नाही, उलट थंड खोलीत वाजवल्या तर कधी कधी गप्प होतात.

आता कॅसेटकडे. फिलिप्सने ती १९६३ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात आणली तेव्हा ती पत्रं आणि टिपणं बोलून ठेवण्यासाठी होती. फीत ३.८१ मिलिमीटर रुंद आणि वेग सेकंदाला फक्त ४.७६ सेंटिमीटर. या संथ वेगाचा परिणाम एका आकड्यात दिसतो. १० हजार हर्ट्‌झचा सूर, म्हणजे झांजेची झणझण किंवा तंबोऱ्याच्या जवारीतली सर्वांत वरची चमक, कॅसेटवर ४.७६ मायक्रॉनच्या लाटेत बसलेला असतो. फीत आणि हेड यांच्यात धुळीमुळे १ मायक्रॉनचं अंतर पडलं, तर या सुराची पातळी ११ डेसिबलहून जास्त पडते. १ मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा पन्नासावा-साठावा भाग. ‘जुनी झाली, आवाज बसला’ असं म्हणत लोक ज्या कॅसेटी बाजूला ठेवतात, त्यातल्या कितीतरींचा आवाज शाबूत असतो. बसलेला असतो तो हेडवरचा मळ.

म्हणून हेड, कॅपस्टन (फीत ओढणारा फिरता दांडा) आणि फितीचे मार्गदर्शक ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने, प्रत्येक कॅसेटआधी पुसावेत. फीत कॅपस्टनवर दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला अल्कोहोलने भेगा जातात, त्याला सौम्य साबणाचं पाणी. दुसरं दुखणं हेडच्या तिरकेपणाचं. ज्या यंत्रावर कॅसेट मुद्रित झाली त्याचं हेड किंचित कलतं असेल, तर सरळ हेडवर ती कोंदट वाजते. हेडशेजारचा छोटा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत, स्टिरिओच्या डाव्या-उजव्या बाजू एकत्र ऐकत, आवाज सर्वांत लख्ख होईल तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करावं लागतं. घरगुती मैफली, कीर्तनं, व्याख्यानं ज्या पोर्टेबल टेपवर घेतली गेली त्यांच्या हेडचा कोन दोन यंत्रांत सारखा सापडणं कठीण, आणि या एका स्क्रूने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या सॉफ्टवेअरने पडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

वाजवण्याआधी कॅसेटच्या खिडकीतून आत पाहा. मधल्या तोंडाशी फेल्टची चिमुकली गादी असते, ती फितीला हेडवर दाबते. तिचा डिंक वाळला की गादी गळून पडते आणि आवाज दूरवरून आल्यासारखा होतो. दुसऱ्या निकामी कॅसेटमधली गादी तिच्या पत्र्याच्या पट्टीसकट काढून बसवता येते. कवच पाच स्क्रूंचं असेल तर उघडणं सोपं. चिकटवून बंद केलेलं असेल तर पात्याने शिवण उकलून फीत नव्या कवचात हलवायची. ९० मिनिटांच्या सी-९० पेक्षा १२० मिनिटांच्या सी-१२० ला जास्त जपा. तिची फीत फक्त ९ मायक्रॉनची, यंत्रं ती सहज खातात. आणि सगळ्यांच्या आधी, मागच्या कडेच्या दोन्ही चकत्या मोडा, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही.

कपाटाबद्दल. फितींना २० अंशांच्या आसपास तापमान आणि ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते, आणि ते दोन्ही दिवसागणिक फार हलू नये. जुलैतल्या मुंबईची, कोकणाची किंवा गोव्याची हवा ८५ टक्क्यांच्या वर असते. नागपुरात हवा कोरडी, पण मे महिन्यातली वरच्या मजल्याची खोली भट्टी. घरातली बरी जागा म्हणजे आतल्या भिंतीचं कपाट. पावसाची ओल धरणारी बाहेरची भिंत नको, माळा नको. डबे पुस्तकांसारखे उभे ठेवा, थप्पी लावून आडवे नकोत. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवलं तर रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरात आणावं. दमट हवेच्या दिवशी डबा बंद केला, तर आपण ओलच कोंडतो. डांबरगोळ्या तर अजिबात नकोत. त्यांच्या वाफेने कॅसेटच्या पारदर्शक डब्या मऊ आणि धुरकट होतात.

बुरशी आलीच, तर ती गुंडाळीच्या कडेवर पांढऱ्या कोळिष्टकासारखी दिसते. फुंकर मारू नये. ते कण फुप्फुसात जातात आणि पुढच्या कॅसेटवरही. पिशवीत बंद करून वेगळी ठेवा, सिलिका जेलसोबत काही आठवडे कोरडी होऊ द्या, बुरशी निद्रिस्त झाली की एन-९५ मुखपट्टी लावून हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) गाळणीच्या व्हॅक्यूमने कडा स्वच्छ करा. अशी कॅसेट दिवसाच्या शेवटी वाजवायची आणि लगेच यंत्र पुसायचं.

इतकं सगळं सांभाळूनही एक गोष्ट आपल्या हातात राहत नाही, ती म्हणजे यंत्र. १९६६-६७ मध्ये नासाच्या पाच लूनर ऑर्बिटर यानांनी चंद्राची छायाचित्रं पाठवली, ती सुमारे १,५०० फितींवर उतरवली गेली. त्या वाचणारी अँपेक्स एफआर-९०० यंत्रं जगातून नाहीशी होत असताना नॅन्सी इव्हान्स या अभिलेखपालांनी फितींचा सांभाळ केला आणि फ्रिजएवढी ती यंत्रं वर्षानुवर्षं आपल्या गॅरेजमध्ये ठेवली. डेनिस विंगो आणि कीथ काउइंग यांच्या गटाने ती नासाच्या कॅलिफोर्नियातल्या एमेस केंद्रात, मॅकडोनाल्ड्सच्या एका बंद पडलेल्या उपाहारगृहात आणली, दुरुस्त केली, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये चंद्रामागून वर आलेल्या पृथ्वीचं २३ ऑगस्ट १९६६ चं छायाचित्र मूळ फितीवरून पुन्हा काढलं, १९६६ मध्ये छापलेल्या प्रतीपेक्षा कितीतरी रेखीव. फितीला ४२ वर्षांत फारसं काही झालं नव्हतं. सगळी झटापट बेअरिंगं, मोटारी आणि हेडं यांच्याशी होती. उलट, त्याच नासाने चंद्रावरच्या पहिल्या पावलांच्या मूळ टेलिमेट्री (यानाकडून आलेल्या संकेतांच्या) फिती पुसून पुन्हा वापरल्या. फितींचा तुटवडा होता म्हणून. अशा पुनर्वापराने जगभरच्या नभोवाणी आणि दूरचित्रवाणी केंद्रांत जितकं नष्ट झालं, तितकं ओलीनेही झालं नसेल.

घरगुती व्हिडिओ कॅसेटचं यंत्र बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ च्या जुलैमध्ये थांबली. २०१९ मध्ये युनेस्को आणि ध्वनी-दृश्य अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने चुंबकीय फितींसाठी धोक्याची घंटा वाजवणारा प्रकल्प हाती घेतला. त्यांचं म्हणणं होतं की २०२५ च्या आसपास नियमित वाचन अवघड होईल. ते वर्ष आता मागे पडलं आहे. नव्या फितीही याला अपवाद नाहीत. संगणक केंद्रांतली एलटीओ फीत ३० वर्षं टिकेल असं उत्पादक सांगतात, पण आठव्या पिढीचं यंत्र सहाव्या पिढीची फीत वाचतच नाही. फितीच्या आयुष्याआधी तिची पिढी संपते.

अंकीय फिती आणखी एका अर्थाने निष्ठुर. साधी कॅसेट म्हातारी होताना खरखरते, कोंदटते, पण शब्द कळतो. डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) फितीत चुका दुरुस्त करणारं गणित ठराविक मर्यादेपर्यंत सगळं निर्मळ ऐकवतं आणि ती मर्यादा ओलांडली की थेट शांतता. अशा शांततेत काय हरवतं, ते ओव्यांवरून कळतं. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. ओवीचे शब्द वहीत उतरवता येतात. दळणाऱ्या बाईचा गळा मात्र फक्त ध्वनिमुद्रणातच आहे.

फ्लॉपीचं दुखणं मराठीला वेगळ्याच ठिकाणी बोचतं. साडेतीन इंची फ्लॉपीत १४,७४,५६० बाइट मावतात. ती थेट उघडून फायली कॉपी करू नका, आधी पूर्ण चकतीची प्रतिमा घ्या, आणि साध्या ड्राइव्हने हार मानली तर ग्रीझवीझलसारख्या छोट्या सर्किट बोर्डाने चुंबकीय बदल कच्च्या स्वरूपात वाचून घ्या. पण सगळं वाचलं गेलं तरी नव्वदीच्या दशकातल्या मराठी फायली उघडल्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. श्रीलिपी, आकृती, आयएसएम या तेव्हाच्या फॉन्ट-प्रणाल्यांत प्रत्येकाची अक्षरजुळणी निराळी, आजच्या सर्वमान्य युनिकोडशी काही संबंध नाही. दिवाळी अंकांची, ग्रंथांची आणि छोट्या वृत्तपत्रांची पानं पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्राममध्ये अशीच अडकली आहेत. फ्लॉपीच्या लेबलावर फॉन्टचं नाव लिहिलेलं असेल, तर ते खरवडू नका, त्याचा फोटो काढून फाइलसोबत ठेवा.

रूपांतर करताना ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह फाइल. स्टिरिओचा एक तास सुमारे २ जीबी होतो, त्यात कंजुषी करण्यासारखं काही नाही. डॉल्बी आणि खरखर कमी करण्याचे प्रयोग मूळ फाइलवर नकोत, तिच्या प्रतीवर करा. फाइल बदलली की नाही हे सांगणारे तपासणी-अंक (चेकसम) काढून ठेवा, दोन प्रती घरात वेगवेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावात. वेळेचा हिशेबही आधी मांडा. एका तासाच्या फितीला तयारी, वाजवणं आणि नोंदी धरून तीन तास जातात. तासाभराच्या ५०० कॅसेटी म्हणजे १,५०० तास, रोज सहा तास बसलं तर २५० दिवस. म्हणून क्रम लावायचा: आंबट वासाचं अ‍ॅसिटेट आणि डॅट आधी, मग काळ्या पाठीची स्पूलं, मग जगात दुसरी प्रत नसलेल्या घरगुती कॅसेटी. दुकानातून विकत आणलेल्या छापील कॅसेटी सर्वांत शेवटी, त्या कुणाकडे ना कुणाकडे असतातच.

काम झालं म्हणून मूळ फीत टाकून देऊ नये, लूनर ऑर्बिटरच्या फिती कुणी टाकल्या असत्या तर २००८ मध्ये हाती काहीच नसतं. फीत वाजवण्याच्याच वेगाने शेवटापर्यंत जाऊ द्यावी, जोराने मागे गुंडाळू नये, म्हणजे वेढे सपाट बसतात. तशीच, शेवटचं टोक बाहेर ठेवून, डब्यात घालावी. सोबत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: कोणत्या यंत्रावर वाजवली, कोणत्या वेगाने, शेकली असेल तर किती अंशांवर, किती तास आणि कोणत्या तारखेला, कुठे सांधा घातला, आणि गाणाऱ्याचं किंवा बोलणाऱ्याचं नाव आज घरात कोणाला आठवतं आहे तोवर, ते नाव.